पहिली टाळी मावशीची

सभागृहासमोर रस्ता ओलांडला की एक लाँड्री आहे. तिच्या काचेच्या दारावर आतून कायम वाफ साचलेली असते, त्यामुळे आत कोण आहे ते बाहेरून दिसत नाही. दिसायची गरजही नाही, मावशीच असते. सख्खा म्हणावा असा भाचा नाही की भाची नाही, पण ती अख्ख्या गावाची मावशी. पुरं नाव टाळीमावशी. हे नाव तिच्या तोंडावर कुणी घेत नाही. पाठीमागे घेतात हे तिला ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक नाही असं दाखवण्यात तिला मजा वाटते.

तर या भागाचा एक सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे. सिनेमाची गाणी वाजवणारा नव्हे. पाऊणशे माणसं काळे कपडे घालून बसतात, व्हायोलिनपासून नगाऱ्यांपर्यंत सगळं समोरच्या कागदावर बघून वाजवतात, आणि पुढे एक कंडक्टर उभा राहून काहीही न वाजवता सगळ्यात जास्त घाम गाळतो, तो ऑर्केस्ट्रा. मोठ्या शहरांतल्या वादकांसारखं यांचं पोट वाजवण्यावर चालत नाही. हॉर्न फुंकणारा दिवसा लोकांचे दात काढतो, बासरीवाली इस्पितळात नर्स आहे, आणि दोन नंबरच्या व्हायोलिनांत तर एक बाप-लेक आहेत जे घरी एकमेकांशी बोलत नाहीत पण इथे एका स्टँडवरचं एकच पान वाचतात. थंडी पडू लागली की यांचा हंगाम सुरू होतो, आणि ऊन तापलं की संपतो. मधल्या महिन्यांत सभागृहातले कार्यक्रम होतातच, शिवाय ही मंडळी कुठे कुठे जाऊन वाजवतात त्याला सुमार नाही. शाळांचे हॉल, इस्पितळाचे व्हरांडे, वृद्धाश्रम, काचेच्या कारखान्याचं कँटीन. एकदा कँटीनमध्ये वाजवताना कढई पडली, तर नगारेवाल्याने त्याच ठेक्यात एक ठोका जास्त दिला, आणि कामगारांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

आसपासच्या खेड्यांतल्या श्रोत्यांना आणायला आणि पोचवायला ऑर्केस्ट्राची स्वतःची बस आहे. ती चालवतो मावशीचा नवरा. "माझ्या बसचा कंडक्टर कुणाला तिकीट देत नाही, उलट त्याला बघायला लोक तिकीट काढतात," हा त्याचा ठरलेला विनोद. तो इतका जुना झालाय की त्याने सुरुवात केली की मागच्या सीटवरची माणसं शेवट करतात.

मावशीचा या सगळ्याशी संबंध खरं तर कपड्यांपुरता. प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळ्यांचे काळे कोट, काळे झगे, पांढरे सदरे तिच्याकडे येतात. वाद्य माणसाच्या अंगावर खूण ठेवतं तशी कपड्यांवरही ठेवतं. गुडघ्यांत वाद्य धरून बसणाऱ्या चेलोवाल्यांच्या विजारी गुडघ्याच्या आतल्या बाजूला झिजतात, व्हायोलिनवाल्यांची कॉलर डावीकडून विरते, आणि नगारेवाल्याच्या काखा, असो. मावशी हे सगळं रफू करते, सैल करते, कडक इस्त्री करते आणि दुपारी गठ्ठा घेऊन सभागृहात पोचवते. मग तालीम चालू असली की मागे बसून ऐकते. "हँगर परत न्यायचे असतात," असं सांगते. हँगर दुसऱ्या दिवशी नेले तरी चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

टाळीचं असं झालं. खूप वर्षांपूर्वी इथे एक म्हातारे कंडक्टर होते, नाकावर माशी बसू न देणारे. मोठी रचना बहुतेक चार भागांची असते. एक भाग संपला की वादक क्षणभर थांबतात, पानं उलटतात, खोकून घेतात आणि पुढचा भाग धरतात. त्या थांब्यात टाळी वाजवायची नसते. का, ते विचारू नये. नसते. आता गावच्या लोकांना हे कुठून कळणार? सूर थांबले की बिचारे मनापासून टाळ्या वाजवायचे. मग म्हातारा वळून असा बघायचा की पुढच्या रांगेतली माणसं टाळीचे हात तसेच खिशात घालायची. दोन हंगामांत लोकांनी त्याचा इतका धसका घेतला की टाळीच सोडून दिली. एका संध्याकाळी अख्खी रचना संपली, म्हातारा हात खाली करून उभा राहिला, आणि सभागृहात हूं नाही की चूं नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघतोय. म्हाताऱ्याची मान मागून लाल होत चाललेली.

मावशी तेव्हा तरुण होती. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली होती, कुणाचं बटण तुटलं तर सुईदोरा घेऊन पळता यावं म्हणून. दुपारी तिने तालीम ऐकली होती, त्यामुळे शेवट कुठे आहे ते तिला माहीत होतं. ती वाट बघून बघून कंटाळली आणि तिने टाळी वाजवली. एकटीने. पुढच्या क्षणी छप्पर उडेल असा कडकडाट झाला.

त्या दिवसापासून शेवट जवळ आला की लोक स्टेजकडे कमी आणि तिसऱ्या रांगेकडे जास्त बघू लागले. मावशीचे हात मांडीवर असले की सगळ्यांचे मांडीवर. मावशीची टाळी पडली की सगळ्यांची. म्हातारे कंडक्टर गेले, दुसरे आले, तेही गेले, पण कडेची खुर्ची मावशीचीच राहिली. तिला संगीताची परीक्षा द्यायला सांगितली असती तर ती पहिल्याच प्रश्नाला चहा करायला उठली असती. पण शेवट ऐकायची तिची एक रीत होती. शेवट आला की ती डोळे मिटायची. शेवटचा सूर पार विरू द्यायची, आणि मग डोळे न उघडताच टाळी. तीसेक वर्षं ती एकदाही चुकली नाही. आपण एखादी गोष्ट तीस वर्षं न चुकता केली आहे का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

आणि मग या हिवाळ्यात ती चुकली.

चूक कळायला आधी गणिताचे सर कळायला हवेत. सर शाळेत गणित शिकवतात आणि ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवतात. व्हायोला म्हणजे दिसायला व्हायोलिनच, जरा मोठा आणि जरा गंभीर. घरातल्या मधल्या भावंडासारखं त्याचं असतं, त्याच्यावाचून अडतं पण फोटोत ते कुणाच्या तरी मागे असतं. सरांनी सगळी वर्षं असंच मागे बसून वाजवलं. या हंगामात नव्या कंडक्टर बाईंनी एक रचना निवडली, तिच्या शेवटी एकेक वाद्य थांबत जातं आणि एकटा व्हायोला उरतो. तो एक सूर उंच चढवत, बारीक करत नेतो आणि सोडून देतो. बाई म्हणाल्या, "हे सरांनी वाजवायचं, उभं राहून." सरांना रात्रभर झोप लागली नाही, हे त्यांच्या बायकोने लाँड्रीत येऊन सांगितलं.

दुसरी गोष्ट मावशीने कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा. तिचे कान दगा देऊ लागले होते. जाडे आवाज यायचे, बारीक आणि उंच आवाज यायचे बंद होत चालले होते. किटलीची शिट्टी ऐकू न आल्याने दोन किटल्या करपल्या. दुकानाच्या दाराची घंटी वाजेनाशी झाली, म्हणजे तिच्यापुरती. तिने सगळा दोष इस्त्रीच्या वाफेला दिला, आणि उरलेला नवऱ्याला. "तुम्ही हल्ली फार पुटपुटता," असं ती त्याला म्हणायची. तो बिचारा मोठ्याने बोलू लागला.

त्या कार्यक्रमात सर उभे राहिले. एकेक वाद्य थांबलं. मावशीने डोळे मिटले. सरांचा सूर चढत गेला, बारीक होत गेला, आणि मावशीसाठी संपला. तिने नेहमीसारखा क्षणभर धीर धरला आणि टाळी वाजवली. सगळं सभागृह तिच्यामागून कडाडलं. तिने डोळे उघडले, तर सरांचा गज अजून तारेवर फिरत होता.

सरांनी मान वर केली नाही. टाळ्यांच्या त्या गदारोळात ते शेवटपर्यंत वाजवत राहिले, आणि ते एका माणसालाही ऐकू गेलं नाही.  मावशी मध्यंतरात घरी निघून गेली, आणि नंतरच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. कपड्यांचे गठ्ठे नवरा पोचवू लागला. तो परत येऊन सांगायचा, "आज मध्येच कुणीतरी वाजवली, मग सगळ्यांनी त्याला शू केलं, मग शेवटी कुणी वाजवेचना." मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. ते आता तिला जमतच होतं.

हंगाम संपत आला, तेव्हा एका सकाळी गणिताचे सर स्वतः कोट घेऊन दुकानात आले. मावशीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. कोट उलटा करून शिवण तपासू लागली.

"मावशी," सर काउंटरवर वाकून मोठ्याने म्हणाले, "शेवटच्या कार्यक्रमाला तीच रचना आहे. बाईंनी मुद्दाम ठेवलीय. माझी बोटं आखडायला लागलीत, पुढच्या हंगामाला मी नसेन."

"बरं," मावशी म्हणाली.

"तुम्ही यायचंय."

"मी कशाला? माझ्यामुळे तुमचं सगळं मातेरं झालं."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "झालं. खोटं कशाला बोलू? मला इतका राग आला होता की मी आठवडाभर तुमच्या दुकानावरून जायचं टाळलं. लांबून वळसा घालून शाळेत जात होतो."

मावशीचे डोळे भरून आले, पण तिने कोट सोडला नाही.

"म्हणूनच सांगतोय," सर म्हणाले. "तुम्ही नसलात तर लोक बावरतात. कुणीतरी घाबरून मध्येच वाजवणार, आणि माझा शेवट पुन्हा जाणार. मला तो एकदा हवाय, मावशी. तो सूर संपल्यावर जी शांतता असते ना, तिच्यासकट हवाय. ती शांतता मला बाई देऊ शकत नाहीत. ती तुमच्या हातात आहे."

"मला ऐकू येत नाही हो, सर!" मावशी एकदम बोलून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने हे उच्चारलं. "तुमचा तो सूर मला ऐकूच येत नाही. मी कशावरून ठरवू?"

"ते तुम्ही बघा," सर म्हणाले, शाळेत अवघड गणित घालून वर्गाबाहेर पडतात तसे, आणि निघून गेले.

संध्याकाळी मावशीने नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि हे सगळं सांगितलं. मग कितीतरी दिवस मनात घोळत असलेलं विचारलं, "अहो, पण त्या दिवशी बाकीच्यांना तरी तो सूर ऐकू येत होता का? का सगळ्यांनाच संपल्यासारखं वाटलं?"

नवरा घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिला. बस चालवणारा माणूस, खोटं बोलायचं झालं तर आधी आरशात बघतो. इथे आरसा नव्हता.

"येत होता," तो म्हणाला.

"तुम्हाला?"

"मला. सगळ्यांनाच. चांगला स्पष्ट येत होता."

"मग तुम्ही टाळी का वाजवलीत?"

"अगं, तू एकटी वाजवत होतीस ना," तो म्हणाला. "तुला एकटीला कसं वाजवू द्यायचं?"

 मावशीने ताट उचलून घासायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की नवऱ्याचं जेवण अजून व्हायचं होतं. ताट परत आणून ठेवलं आणि ती बाकीची भांडी घासू लागली. तीस वर्षं तिला वाटत होतं की लोक तिच्या कानांच्या भरवशावर आहेत. कानांचा काही संबंधच नव्हता. एवढी सगळी माणसं, सूर चालू आहे हे ऐकत असताना, केवळ ती उघडी पडू नये म्हणून चुकीची टाळी वाजवून मोकळी झाली. तिला अपराधी वाटलं आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले.

"जी माणसं माझ्यासाठी चुकीची टाळी वाजवतात," ती शेवटी म्हणाली, "ती माझ्यासाठी गप्पही बसतील की."

"बसतील," नवरा म्हणाला. "मी तुझ्या शेजारी बसतो. संपलं की कोपर मारतो, तू वाजव."

"मारा," मावशी म्हणाली. पण तिचा नवऱ्याच्या कोपरावर फारसा विश्वास नव्हता. तिने रात्री सरांचा कोट काढला आणि गज धरायच्या हाताची, उजवी बाही बोटभर आखूड केली. मग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या कफला अशी खळ लावली की तो टेबलावर आपला आपण उभा राहावा.

सरांनी सदरा आणि वर कोट घालून बघितला. "मावशी, ही बाही आखूड झाली."

"होऊ दे. मला दिसली पाहिजे," मावशी म्हणाली. सरांनी मनगटावरच्या पांढऱ्या कफकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि गणित सुटलेल्या मुलाकडे बघून हसतात तसे हसले.

शेवटचा कार्यक्रम रविवारी दुपारी असतो, खेड्यांतल्या लोकांना उजेडी घरी पोचता यावं म्हणून. मावशी आत आली तशी कुजबुज झाली. कुणी तिच्याकडे टक लावून बघितलं नाही. सगळे आपापले कागद चाळू लागले, आणि त्यावरूनच कळलं की सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे आहे. कडेची खुर्ची रिकामी होती. महिनोन्महिने ती रिकामीच ठेवली होती, असं दाराशी उभं राहणाऱ्या माणसाने तिला सांगितलं.

रचना सुरू झाली. भाग संपले, थांबे आले, मावशीचे हात मांडीवर, सगळ्यांचे मांडीवर. मग सर उठले. जरासे लोकांकडे वळून उभे राहिले. एकेक वाद्य थांबलं, आणि काळ्या कोटांच्या त्या गर्दीत एक पांढरी पट्टी वर-खाली होऊ लागली.

मावशीने या वेळी डोळे मिटले नाहीत. सूर बारीक झाला आणि तिच्यापुरता गेला. आता तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पांढरी पट्टी हलत होती. छातीत धडधड होत होती, तेवढीच काय ती कळत होती. तिने कोपराची वाट बघितली. कोपर आलं नाही. नजर न काढता तिने हाताने चाचपलं, तर नवऱ्याचा हात ओला लागला. तो रुमाल न सापडल्याने हातानेच डोळे पुसत होता. आता हा काय कोपर मारणार?

पट्टी थांबली. पण वरच थांबली. गज तारेपासून उचललेला होता की नव्हता, मावशीला इतक्या लांबून दिसेना. सूर चालू होता की शांतता सुरू झाली होती, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तिला सोडून. तिचे तळवे शिवशिवले. तिला वाटलं, सगळे माझी वाट बघताहेत, मी उशीर करतेय, सर तिथे ताटकळताहेत. तरी तिने बोटं एकमेकांत अडकवून घट्ट धरली. पट्टी वर आहे ना, मग नाही. कुणी हललं नाही. कुणी खोकलं नाही. ज्या सभागृहात कधी काळी लोक भीतीने गप्प बसले होते, तिथे आज ते एका बाईच्या हातांकडे बघत गप्प बसले होते. आणि सरांना आयुष्यभराची ती शांतता मिळत होती, पुरी, कुणी न कुरतडलेली.

मग पांढरी पट्टी हळूहळू खाली आली आणि सरांच्या मांडीपाशी जाऊन थांबली. सरांनी मान वर केली आणि थेट तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

मावशीने टाळी वाजवली.

पुढचं काय सांगायचं? लोक उभे राहिले. हॉर्नवाल्या दंतवैद्याने पाय आपटले. दोन नंबरच्या व्हायोलिनांतले बाप-लेक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि मारतोय हे लक्षात आल्यावर थांबले. बाईंनी सरांचा हात धरून त्यांना पुढे आणलं, आणि सरांनी वाकून नमस्कार केला तो सगळ्यांना, पण एक जास्तीचा कडेच्या खुर्चीला.

नवऱ्याने खेड्यांतली माणसं ज्याच्या त्याच्या फाट्यावर उतरवली. मावशी पहिल्या सीटवर बसून होती. बस रिकामी झाली तशी त्याने ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बाहेर अजून ऊन होतं.

"अहो," मावशी म्हणाली, "तो शेवट कसा होता? मला सांगा ना."

"सुंदर होता."

"सुंदर होता हे मला टाळ्यांवरून कळलं. कसा होता?"

नवऱ्याने घसा साफ केला. तो तिच्या शेजारी येऊन बसला, तिच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि सरांचा तो सूर गुणगुणू लागला. आवाज भसाडा, सूर धड जागेवर नाही, आणि उंच जायचं तिथे गळा साथ देईना म्हणून त्याने चढण दाखवायला उजवा हात वर नेला. खाली, जाड्या आवाजात का होईना, पण तो मावशीला ऐकू आला. ती अजिबात हलली नाही. तो गुणगुणत राहिला, मग थांबला. हात मात्र वरच राहिला होता.

मावशीने त्या हाताकडे बघत वाट पाहिली. तो पार खाली, मांडीवर येईपर्यंत. मग तिने टाळी वाजवली. तिच्यामागून वाजवायला बसमध्ये कुणी नव्हतं, म्हणून तिने सगळ्यांच्या वाटणीची वाजवली.